राष्ट्रपतीपदाची निवडणूक आणि व्हिपचा गैरसमज

राष्ट्रपतीपदाची निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येते: आमदार-खासदारांना पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा बंधनकारक आदेश असतो, मग उमेदवार कोण आहेत हे बघायचेच कशाला?

या निवडणुकीत व्हिप काढताच येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५५ नुसार मतदान गुप्त असते. पक्ष आवाहन करतो, बैठका घेतो, कानही पिळतो. पण वेगळे मत दिले म्हणून पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जात नाही.

१९६९ मध्ये हेच घडले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, समोर अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि तिसरे चिंतामणराव देशमुख. इंदिरा गांधींच्या गटाने सदसद्विवेकबुद्धीने मत द्या म्हटले. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात; पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारी मते, गाठता आला नाही. देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीत रेड्डींना बराच मोठा वाटा मिळाला, तरी गिरी निसटते जिंकले. म्हणजे तिसरा उमेदवारही नीट माहीत हवा.

मतपत्रिका खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी. निवडणूक आयोगाने दिलेल्या पेननेच नावासमोर पसंतीचा अंक लिहायचा. '१' कुठेच नसेल, किंवा दोन नावांपुढे असेल, तर मत बाद. अंकाऐवजी शब्दात 'एक' लिहिले तरी बादच. चांगले मुरलेले लोकप्रतिनिधीही इथे घसरतात.

हौशी उमेदवारांचे अर्ज बहुधा छाननीतच गळतात, कारण ५० सूचक आणि ५० अनुमोदक मतदारांपैकीच, म्हणजे आमदार-खासदारांमधलेच लागतात. १५,००० रुपये अनामत त्यामानाने किरकोळ.