गवारेडा नेमका कुणाच्या गोतातला?

दाजीपूरच्या जंगलातून उसाच्या फडात उतरणाऱ्या जनावराला आमच्याकडे गवारेडा म्हणतात. काळंभोर अंग, रुंद छाती, गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे पाय. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारेला उभ्या असलेल्या म्हशी बघत वाढलेल्या डोळ्यांना तो रेडाच वाटणार. पण गवा म्हशीच्या नव्हे, गाईच्या गोतातला आहे.

हे ठरतं डीएनएवरून. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. पिढीगणिक त्याची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. चूक जिवावर बेतली नाही, तर पुढच्या पिढ्या तीच गिरवत राहतात. सायटोक्रोम बी हे जनुक घ्या. त्यात 1140 अक्षरं. गाय, गवा, म्हैस आणि तुलनेला बकरी अशा चौघांचं हे जनुक एकाखाली एक मांडायचं आणि एकेक रकाना तपासायचा. बरेचसे रकाने सारखेच निघतात. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं आणि त्यातून प्रथिन बनतं. फरक दिसतात ते मुख्यतः या गटातल्या तिसऱ्या जागी, कारण तिथलं अक्षर बदललं तरी प्रथिन सहसा बदलत नाही.

नुसते फरक मोजून मात्र भागत नाही, आणि मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात देखणं वाटतं. बकरीत आणि म्हशीत जे अक्षर सारखं, ते बहुधा मूळचं. गाय आणि गवा या दोघांतच ते बदललेलं असेल, तर तो बदल म्हशीची वाट फुटल्यानंतर त्या दोघांच्या सामाईक पूर्वजात झाला असणार. असे बदल जितके जास्त सापडतील, तितकं नातं पक्कं.

गुणसूत्रंही तेच सुचवतात: गाईची 60, गव्याची 58, आपल्याकडच्या म्हशीची 50. गाय-गव्याच्या संकरातून वासरू जन्मतं; गाय-म्हशीचा गर्भ तगत नाही. न्याय या भारतीय दर्शनात उपमानाचं, म्हणजे साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाचं, उदाहरण म्हणून ‘जशी गाय, तसा गवय’ असं शिकवत आले आहेत. ‘गवा’ हा त्याच गवयाचा शब्द. रेडा आपण मागून जोडला.

तरी एकाच जनुकावर विसंबू नये. सायटोक्रोम बी पेशीकेंद्राबाहेरच्या डीएनएत असतं आणि तो फक्त आईकडून येतो. युरोपातल्या बायसन या रानटी जनावराचा आईकडचा डीएनए त्याला गाईजवळ नेतो, तर पेशीकेंद्रातला डीएनए त्याला अमेरिकी बायसनचा भाऊबंद ठरवतो. म्हणून आता सगळा जीनोम, म्हणजे जनावराचा संपूर्ण डीएनए, वाचतात. आईकडच्या डीएनएपुरतं बोलायचं, तर गव्याला हातही लावावा लागत नाही. पायवाटेवर पडलेलं ताजं शेण पुरतं.