स्वस्त प्रकाशीय धूलिकण संवेदक

हवेतल्या सूक्ष्म कणांवर प्रकाश पाडून, त्यांनी विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार व प्रमाण यांचा अंदाज घेणारे छोटे उपकरण. कौलाच्या फटीतून उतरलेल्या कवडशात धूळ नाचताना दिसते, तेच तत्त्व इथे वापरतात; कवडशाच्या जागी लेसर आणि डोळ्याच्या जागी फोटोडायोड, म्हणजे उजेडाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा सुटा भाग.

प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस५००३ हा या वर्गातला बहुपरिचित संवेदक. लांबी ५० मिमी, रुंदी ३८ मिमी, म्हणजे काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. आतला इवलासा पंखा हवा ओढतो, ती लेसरच्या झोतातून जाते आणि बाजूला बसवलेला फोटोडायोड विखुरलेला प्रकाश टिपतो. ०.३ मायक्रोमीटरपासून १० मायक्रोमीटरपर्यंत सहा गटांतली कणसंख्या आणि पीएम १, पीएम २.५, पीएम १० (म्हणजे अनुक्रमे १, २.५ आणि १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे हवेतले वजन) यांचे आकडे तो देतो.

या आकड्यांकडे जरा सावधपणेच पाहावे. संवेदक आकार मोजत नाही, उजेड मोजतो. गोलाकार कण प्रकाश कसा विखुरतो याचे गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये मांडले. त्यात व्यासाबरोबर कणाचा पदार्थही येतो. काजळी प्रकाश शोषून घेते, म्हणून ती आहे त्यापेक्षा लहान भासू शकते. तरंगलांबीहून फारच लहान कणांचा व्यास निम्मा झाला, तर विखुरलेला प्रकाश ६४ पटींनी घटतो, त्यामुळे ०.३ मायक्रोमीटरखालचे कण जवळजवळ निसटतातच. दुसऱ्या टोकाला रस्त्याची आणि बांधकामाची जाड धूळ वळणावळणाच्या मार्गातून झोतापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून पीएम २.५ चा आकडा कामाचा असला, तरी पीएम १० चा बव्हंशी अनुमानाचा असतो.

आर्द्रता हा सर्वांत मोठा घोळ. सल्फेट आणि नायट्रेटचे कण दमट हवेत पाणी पिऊन फुगतात, आणि संवेदक त्या पाण्यालाही प्रदूषण समजतो. धुक्याच्या पहाटे गच्चीवरचा आकडा भडकतो आणि ऊन चढले की उतरतो, तो बऱ्याचदा यामुळे. प्रमाणित उपकरणांत आत येणारी हवा तापवून कोरडी करतात; इथे ती सोय नसते. पर्पलएअर या कंपनीच्या अशाच स्वस्त संवेदकांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वापरलेल्या एका सूत्रात मूळ आकडा ०.५२४ ने गुणतात, सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांची ०.०८६२ पट वजा करतात आणि ५.७५ मिळवतात. मूळ आकडा १०० आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर उत्तर येते सुमारे ५४. भारताच्या पीएम २.५ साठीच्या ६० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर या २४ तासांच्या मानकाशी ताडले, तर एकाच हवेचा निकाल उलटतो.

हे सूत्र मात्र अमेरिकेतल्या हवेवर बेतलेले आहे; मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेला ते जसेच्या तसे लावणे चूक. त्यासाठी संवेदक प्रमाणित केंद्राशेजारी काही महिने ठेवून आकडे जुळवून पाहावे लागतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये मुंबईत असा प्रयोग केला. जुळवणी एकदा करून भागत नाही: पावसाळा सरला की ती पुन्हा तपासावी लागते, कारण तोवर पंख्यात धूळ साचलेली असते आणि कधी कधी एखाद्या कोळ्याने आत घरही केलेले असते.