उष्टावण आणि बाळाची वाढ

उष्टावण म्हणजे बाळाला आईच्या दुधाशिवाय पहिला घास भरवणं. आमच्या कोल्हापूरकडं बऱ्याच घरांत हा मान मामाचा, वाटीत तांदळाची खीर असते आणि बाळ निम्मी थुंकून टाकतं. मुहूर्त कुठलाही निघो, ६ महिने मात्र पूर्ण पाहिजेत, कारण तोवर आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. नंतर पुरत नाही, कारण पोटातून आणलेला लोहाचा साठा तोपर्यंत संपत आलेला असतो.

जन्माचं वजन साधारण ५ महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. पण दुसऱ्या सहामाहीत वेग आपोआप कमी होतो, आणि इथंच आज्ज्या घाबरतात, "बाळसं उतरलं की गं पोरीचं", मग गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध सुरू. दुधाच्या गावात दुधाविरुद्ध बोलायची सोय नाही, तरी सांगतो, त्यात प्रोटीन आईच्या दुधाच्या तिपटीहून जास्त, लोह जवळपास नाहीच, आणि पाणी घातलं की ताकदही गेली. वर्षाच्या आत ते लापशीत थोडं चालतं, मुख्य अन्न म्हणून नाही. पावडरच्या दुधावरची बाळं जास्त भरतात, म्हणून डब्ल्यूएचओनं २००६ मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले ते आईच्या दुधावरच्या बाळांवरून, त्यात दिल्लीचीही बाळं होती. अंगणवाडीच्या ताई वजन करून कार्डावर ठिपका देतात, त्यात एका ठिपक्यापेक्षा रेघ कुठं चाललीय ते बघायचं.

खरी गोम पातळपणाची आहे. ६ ते ८ महिन्यांत वरच्या खाण्यातून दिवसाला २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ ला ३००, आणि पोट जेमतेम वाटीभर. वरणाचं पाणी पाजलं की पोट भरतं, बाळ उपाशीच. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट पाहिजे. राधानगरी, शाहूवाडीकडची नाचणी इथं कामाला येते, रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून हलकी भाजून दळायची. मोडामुळं स्टार्च फुटतो, लापशीचा गोळा होत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं आणि बाळाला गिळवतंही. गाळून केलेलं सत्त्व दिसायला छान, पण चोथ्याबरोबर लोह-कॅल्शियमही जातं. वरून तूप सोडायचं.

अंडं, मऊ शिजवून कुस्करलेलं मटण ६ महिन्यांनंतर चालतं, हे कोल्हापुरात पटवावं लागू नये, तांबड्या रश्श्याला मात्र अजून वेळ आहे. आणि मध वर्षापर्यंत चाटवायचासुद्धा नाही.