रोम ते बर्लिन : तरुण अभ्यासकांच्या निवासी पाठ्यवृत्त्यांची पार्श्वभूमी

पीएच.डी. नुकतीच हातात पडलेल्या इतिहासाच्या किंवा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला परदेशातल्या एखाद्या संस्थेने वर्षभर राहायला जागा, विद्यावेतन आणि ग्रंथालय द्यावे आणि बदल्यात त्याच्याकडून केवळ त्याच्या स्वतःच्या कामाची अपेक्षा ठेवावी, ही पद्धत आज रुळलेली आहे. तिचा साचा मात्र विद्वानांसाठी नव्हे, तर चित्रकार आणि शिल्पकारांसाठी घडला. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, त्याचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने, १६६६ साली रोममध्ये फ्रेंच अकादमी स्थापन झाली. राजाच्या खर्चाने तिथे राहणाऱ्या तरुणांनी प्राचीन शिल्पांच्या प्रतिकृती करून फ्रान्सला पाठवायच्या, असा रोखठोक व्यवहार होता. १८०३ मध्ये अकादमी रोममधल्याच व्हिला मेडिची या प्रासादात गेली. एकोणिसाव्या शतकात तिथे प्रवेश मिळवण्यासाठी पॅरिसमध्ये होणारी ‘प्री द रोम’ ही कलास्पर्धा जिंकावी लागे, उमेदवार तिशीच्या आतला आणि अविवाहित असावा लागे, आणि दरवर्षी आपले काम पॅरिसला पाठवून दाखवावे लागे. स्त्रियांना या स्पर्धेत उतरता आले ते १९०३ पासून. वयाची मर्यादा, राहण्याची सोय आणि वर्षभराच्या कामाचा हिशेब या तिन्ही अटी पुढे संशोधकांच्या पाठ्यवृत्त्यांतही दिसू लागल्या.

१८४६ मध्ये फ्रान्सने अथेन्सला प्राचीन ग्रीसच्या अभ्यासाची संस्था काढली, तेव्हा ग्रीसमध्ये इंग्लंड आणि रशियाशी चाललेल्या चढाओढीत आपले वजन वाढावे हा हेतू त्यामागे होता आणि तो फारसा लपवलेलाही नव्हता. १८५० मध्ये देखरेख पॅरिसच्या विद्वत्सभेकडे आल्यावर तिथे राहणाऱ्या तरुणांकडून दरसाल संशोधनपर निबंधाची अपेक्षा होऊ लागली. रोममध्ये १८२९ साली सुरू झालेल्या जर्मन पुरातत्त्व संस्थेने १८५९ पासून तरुण अभ्यासकांना भूमध्य समुद्राभोवतीची स्थळे हिंडून पाहण्यासाठी प्रवासवृत्ती देण्यास आरंभ केला. ती आजही दिली जाते. अमेरिकेची अथेन्समधील संस्था १८८१ ची, ब्रिटनची १८८६ ची. या संस्थांमधून परतलेल्या तरुणासाठी मायदेशी बहुधा अध्यापकाची जागा तयार असे, ही बाब आजच्या परिस्थितीशी ताडून पाहण्याजोगी आहे.

या इतिहासाचा एक धागा थेट पुण्यात येतो, आणि तो पैशाचा आहे. अमेरिकेच्या १९५४ च्या ‘पीएल ४८०’ या अन्नधान्य-मदतीच्या कायद्याखाली भारताला जो गहू मिळाला, त्याची किंमत भारताने रुपयांत चुकती केली. हे रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले आणि ते खर्चही बहुतांशी इथेच करणे भाग होते. संस्कृतचे अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली आणि तिचे भारतातील काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरू झाले. प्रबंधासाठी भारतात येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या वृत्तीचा मोठा भाग याच रुपयांतून निघे. रेशनच्या रांगेत उभे राहून तांबडा अमेरिकी गहू घेणाऱ्या पुणेकराने आपल्या नकळत महाराष्ट्राच्या संतसाहित्यावरील किंवा इतिहासावरील एखाद्या परदेशी प्रबंधाला हातभार लावला असणे अगदी शक्य आहे. साठलेल्या रकमेचा मोठा हिस्सा अमेरिकेने पुढे सोडून दिला; १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. त्याच डेक्कन कॉलेजात १९६४ पासून फ्रान्सच्या अतिपूर्व अभ्याससंस्थेचेही केंद्र आहे. ही संस्था मुळात फ्रेंच इंडोचायनाच्या वसाहती प्रशासनाने उभी केलेली.

दुसरी परंपरा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनची. १९३० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी तिथे उभारलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’ या संस्थेत ना वर्ग होते, ना पदव्या; विद्वानांनी केवळ आपले संशोधन करायचे. हीच कल्पना पुढे पसरली : कॅलिफोर्नियात १९५४, सिमल्यात १९६५, नेदरलँड्समध्ये १९७०, बर्लिनमध्ये १९८१. बर्लिनच्या विसेनशाफ्ट्सकोलेगमध्ये दरवर्षी सुमारे चाळीस अभ्यासक दहा महिने राहतात आणि एकत्र जेवतात. संस्थेचा स्वतःचा ग्रंथसंग्रह लहान असला तरी मागाल ते पुस्तक शहरातल्या इतर ग्रंथालयांतून आणून दिले जाते. ज्याने आयुष्यात कधी पोथीच्या एका छायाप्रतीसाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार केला असेल, त्यालाच या सोयीचे मोल कळेल. तथापि, या संस्था प्रामुख्याने नाव मिळवलेल्या, पुष्कळदा नोकरीत स्थिरावलेल्या विद्वानांसाठी होत्या. तरुणांसाठी वेगळी दारे उघडली ती बऱ्याच उशिरा. १९९६ मध्ये बर्लिनच्या याच संस्थेत आधुनिकता आणि इस्लाम या विषयावर अभ्यासगट सुरू झाला आणि त्यातून २००६ मध्ये मध्यपूर्वेचा व युरोपचा एकत्र अभ्यास करणाऱ्या नवपीएच.डी. संशोधकांसाठी बर्लिनमध्ये निवासी वर्षाची योजना आकाराला आली. अशा योजनांतून ज्या प्रदेशांचा अभ्यास व्हायचा, तिथल्या तरुणांना स्वतः अभ्यासक म्हणून बर्लिनला येता येऊ लागले. रोम आणि अथेन्सच्या परंपरेपेक्षा हा बदल मला अधिक मूलगामी वाटतो.

मात्र दहा महिने संपल्यावर पुढे काय, हे या योजना सांगत नाहीत, आणि यजमान देशातही त्याचे उत्तर सोपे नाही. जर्मनीच्या २००७ च्या कायद्याने विद्यापीठीय संशोधकांच्या मुदतबंद नेमणुकांना सर्वसाधारणपणे पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. कायम जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २०२१ मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी समाजमाध्यमांवर ‘मी हॅना’ या नावाने (हॅना ही या कायद्याची बाजू मांडणाऱ्या सरकारी चित्रफितीतली काल्पनिक संशोधिका) जो निषेध नोंदवला, तो याच अस्थिरतेविरुद्ध होता.