मॉस्फेटमधला डायोड आला कुठून?

मॉस्फेट म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजने सोर्स आणि ड्रेन या टोकांमधला करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर. त्याच्या सिम्बॉलमध्ये बाजूला जो छोटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) काढलेला असतो तो कंपनीने वेगळा बसवलाय असं खूप जणांना वाटतं, पण तसं नाहीये, चिप बनतानाच तो आपोआप तयार होतो.

१९५९ ला बेल लॅब्समध्ये मोहम्मद अटाला आणि डॉवॉन कांग यांनी पहिला चालणारा मॉस्फेट केला, तो छोट्या करंटचा. मोठ्या करंटसाठी १९७० च्या दशकात उभी रचना आली, सोर्स वर, ड्रेन तळाला, आणि त्या दशकाच्या शेवटी इंटरनॅशनल रेक्टिफायरमध्ये अलेक्स लिडो आणि टॉम हर्मन यांनी हेक्सफेट नावाचा पॉवर मॉस्फेट केला. आता गंमत बघा, या रचनेत एन-पी-एन असे (एन आणि पी म्हणजे सिलिकॉनचे दोन प्रकार) थर एकावर एक येतात म्हणजे नको असलेला एक बायपोलर ट्रान्झिस्टर आत तयार होतो, तो जागा होऊ नये म्हणून सोर्सचा मेटल मधल्या पी थराला, म्हणजे बॉडीलाही टेकवतात, त्या बायपोलरचे बेस-एमिटर शॉर्ट. मग उरतं बॉडी आणि ड्रेनमधलं जंक्शन. तोच बॉडी डायोड!

म्हणून गेट बंद असला तरी एन-चॅनल मॉस्फेटमध्ये सोर्सकडून ड्रेनकडे करंट जातोच. बॅटरी पॅकच्या प्रोटेक्शन सर्किटमध्ये दोन मॉस्फेट उलटसुलट जोडलेले दिसतात ते यामुळेच, एकटा दोन्ही बाजूंनी अडवू शकत नाही.

मोटरच्या एच-ब्रिजमध्ये (चार स्विचने मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं सर्किट) सुरुवातीला लोक खूश झाले असणार, कॉइलचा करंट फिरायला डायोड फुकट मिळाला. पण हा डायोड स्लो. त्याच बाजूचा दुसरा मॉस्फेट ऑन झाला की डायोडमधला साठलेला चार्ज निघेपर्यंत तो उलटाही वाहतो, तेवढा वेळ सप्लाय जवळपास शॉर्ट, आणि व्होल्टेज झपकन चढलं तर दाबून ठेवलेला बायपोलर जागा होऊन मॉस्फेट उडायचा. मग आतल्या डायोडला अडवायला सिरीजमध्ये शॉटकी डायोड आणि बाहेरून फास्ट डायोड लावायची पद्धत आली, पुढे प्लॅटिनम घालून किंवा इलेक्ट्रॉनचा मारा करून डायोडच फास्ट केला.

मला सगळ्यात आवडतं ते सिंक्रोनस रेक्टिफिकेशन, म्हणजे डायोडऐवजी मॉस्फेटच ऑन करून करंट नेणं. चॅनल (सोर्स-ड्रेनमधली वाट) दोन्ही दिशांनी वाहतो, मग डायोडवर कशाला सोडायचं? १० अँपियरला ०.८ व्होल्ट ड्रॉप म्हणजे ८ वॅट उष्णता, तेच १७.५ मिलिओहमचा चॅनल ऑन केला तर १.७५ वॅट. डायोडला काम फक्त डेड टाइमपुरतं, म्हणजे दोन्ही मॉस्फेट बंद असतात तेवढ्या क्षणापुरतं.

लिडो पुढे २००७ ला ईपीसी ही कंपनी काढून सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरकडे वळले, त्यात हे पी-एन जंक्शनच नाही त्यामुळे रिव्हर्स रिकव्हरी (साठलेला चार्ज निघेपर्यंतचं ते उलटं वाहणं) शून्य, पण गेट बंद असताना उलट्या करंटला ड्रॉप जास्त पडतो, म्हणून तिथे डेड टाइम आणखी आवळावा लागतो.