सॉल्ट ग्रास ट्रेल राइड

अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टनचं मोठं पशुप्रदर्शन आणि रोडिओ (गुराख्यांच्या कसरतींचे खेळ) भरायच्या आधी निघणारी सामूहिक घोडेस्वारी. सुरुवात १९५२ मध्ये, ब्रेनहॅम ते ह्यूस्टन, साधारण ७० मैल. तेव्हा माणसं फक्त चार होती: ब्रेनहॅमचे महापौर रीस लॉकेट, टीव्हीवरचे पॅट फ्लाहर्टी, जॉन वॉर्नाश आणि बार्कर गावच्या एलएच-सेव्हन रँचचे (गुरं पाळायच्या मोठ्या शेताचे) एमिल मार्क्स. खराब हवामानामुळे लॉकेट यांचा विमानप्रवास रखडला, ते वैतागून म्हणाले की आता घोड्यावरून जाता येईल तिथंच जाईन, आणि दोस्तांनी लगेच मग ह्यूस्टनला घोड्यावरून येऊन दाखव म्हणून डिवचलं, अशी गोष्ट सांगतात. ती सांगून सांगून गुळगुळीत झालीय, पण साल आणि चार नावं याबद्दल सहसा वाद नसतो.

वाद आहे तो ज्या जुन्या सॉल्ट ग्रास (खारं गवत) वाटेवरून हे नाव आलं तिचा. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडे खारट जमिनीत वाढणारं गवत (डिस्टिक्लिस स्पायकाटा) थंडीतही चरायला मिळायचं, म्हणून आतल्या भागातली गुरं हिवाळ्याच्या तोंडावर तिकडे न्यायची आणि वसंतात परत आणायची, हा प्रकार बहुधा एकोणिसाव्या शतकातला. काही लेखनात ही एकच ठरलेली वाट असल्यासारखं मांडतात. पण किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक असाव्यात, हे जास्त पटतं. शिवाय १९५२चा मार्ग ह्यूस्टनलाच थांबतो, खाऱ्या दलदली तिथून बऱ्याच पुढे, त्यामुळे हा जुन्या वाटेचा हुबेहूब माग नाही, तिच्या आठवणीत आखलेला रस्ता म्हणावा. कॅन्ससकडे जाणाऱ्या चिशोम ट्रेलशी तर याची गल्लत करूच नये, ती गुरं विकायला जायची, ही चरायला.

मार्क्स यांची रँच ह्यूस्टनच्या पश्चिमेला, घराण्याची, आणि तिचं खरं महत्त्व लाँगहॉर्न या लांब शिंगांच्या गुरांसाठी आहे. कुंपणं आली, विलायती जातींशी संकर सुरू झाला तसं शुद्ध लाँगहॉर्न संपत चाललं. १९२७ मध्ये सरकारनं ओक्लाहोमातल्या विचिटा अभयारण्यात कळप राखायला घेतला. खासगी रँचवालेही स्वतःचे कळप धरून होते, आणि आज या जातीची जी सात मूळ घराणी मानतात त्यात मार्क्स हे एक. पुढे १९४०च्या दशकात पूरनियंत्रणासाठी बार्कर जलाशय झाला, त्यात या रँचची काही जमीन गेली. चौघांत मार्क्स होते म्हणजे नुसता हौशी खेळ नव्हता, गुरांचा धंदा करणारा माणूस सोबत होता, हे कथा सांगताना बरेचदा राहून जातं.

हल्ली निघायचं ठिकाण कॅट स्प्रिंग. पुढे ट्रेल बॉस म्हणजे जथ्याचा म्होरक्या, मागे घोडे आणि खेचरांच्या वॅगन, काही दिवस रस्त्याच्या कडेनं चाल. डांबरावर साधे नाल घसरतात त्यामुळे नालांवर खास लक्ष द्यावं लागतं. गुरं मात्र हाकत नाहीत. आता दरवर्षी दहाएक वाटांनी असे जथे येतात, अगदी वारीतल्या दिंड्यांसारखे, सगळ्यात लांबचा लॉस वाकेरोस मेक्सिकोच्या सीमेजवळच्या हिडाल्गोहून सुमारे ३८६ मैल. १९५७ मध्ये कृष्णवर्णीय स्वारांनी प्रेअरी व्ह्यू ट्रेल राइड काढली, तिच्या संस्थापकांत रोडिओपटू मर्टिस डाइटमन होते. शुक्रवारी सगळे मेमोरियल पार्कला मुक्काम करतात आणि शनिवारी डाउनटाउनमधून मिरवणूक निघते.