अपसामान्य फलन (आयव्हीएफ उपचारातील)

प्रयोगशाळेत स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन घडवल्यावर फलित बीजात दोन प्राक्केंद्रके (गुणसूत्रे धरून ठेवणारी, अजून एकत्र न आलेली केंद्रके) दिसावी लागतात, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे. त्याऐवजी एक, तीन किंवा अधिक दिसली, तर त्याला अपसामान्य फलन म्हणतात. प्रयोगशाळेच्या बोलीत हेच ‘एक पीएन’, ‘तीन पीएन’ (पीएन म्हणजे प्रोन्यूक्लियस, प्राक्केंद्रक). मोजणी मीलनानंतर १६ ते १८ तासांच्या सुमारास करतात; पुढे प्राक्केंद्रके विरून जातात आणि खूण उरत नाही.

तीन पीएन होण्याची वाट उपचारपद्धतीप्रमाणे बदलते. साध्या आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजाभोवती हजारो शुक्राणू सोडलेले असतात. पहिला आत शिरताच कवचालगतचे सूक्ष्म कण फुटतात, कवच कठीण होते आणि बाकीच्यांची वाट बंद होते. बीज कच्चे किंवा जास्त पिकलेले असेल, तर हे दार उशिरा लागते आणि दुसरा शुक्राणूही आत येतो. इक्सीमध्ये सुईने एकच शुक्राणू सोडतात. तिथे तिसरे केंद्रक बहुधा आईचेच असते, कारण दुसरा ध्रुवीय पिंड, म्हणजे बीजाने जादा गुणसूत्रे बाहेर टाकण्याची छोटी पेशी, बाहेर टाकला जात नाही. दोन्हींत ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रे होतात. असा गर्भ गर्भाशयात सोडत नाहीत.

बीज पिकण्याची वेळ हे त्यामुळे सर्वांत नाजूक कारण, आणि कोकणात ते प्रवासाशी बांधलेले आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक जोडपी उपचारांसाठी मुंबई किंवा कोल्हापूर गाठतात. बीजे पिकवणारे शेवटचे ‘ट्रिगर’ इंजेक्शन सोमवारी रात्री १० वाजता घेतले, तर बीजे बुधवारी सकाळी ८ ते १० च्या सुमारास काढायची असतात, म्हणजे ३४ ते ३६ तासांनी. पावसात घाटात दरड पडून गाडी अडकली की हेच गणित कोलमडते. काही इंजेक्शने फ्रीजमध्येच ठेवावी लागतात आणि वादळानंतर गावात दिवसचे दिवस वीज नसते. अशा वेळी थर्मासमधला बर्फ हाच आधार. ट्रिगरच्या आदल्या दिवशीच केंद्राजवळ मुक्काम हलवणे, हाच यावर खरा उपाय आहे.

इतर कारणे प्रयोगशाळेतली आणि शरीरातली. बीजातील गुणसूत्रे ओढणारा तंतूंचा सांगाडा, म्हणजे तर्कू, ३७ अंशांखाली लवकर विस्कटतो, म्हणून बीज बाहेर काढल्यापासून ऊब टिकवावी लागते. वय वाढते तसे तर्कूतील दोषही वाढतात. एका वेळी खूप बीजे मिळालेल्या स्त्रियांत तीन पीएनचे प्रमाण जास्त आढळल्याची नोंद आहे.

एक पीएनचा निकाल मात्र तेवढा सरळ नाही. साध्या आयव्हीएफमध्ये दोन्ही केंद्रके कधी एकाच आवरणात आलेली असतात आणि अशा गर्भातून निरोगी बाळे जन्मली आहेत. इक्सीनंतरचे एक पीएन बहुधा शुक्राणूच्या वाट्याविनाच जागे झालेल्या बीजाचे असते. ‘शून्य पीएन’ हा वेगळा प्रकार. कधी फलनच झालेले नसते, कधी केंद्रके मोजणीआधीच विरलेली असतात.

बाईच्या अंगात काही दोष आहे, असा अर्थ घरी लगेच काढला जातो. तो चूक आहे आणि क्रूरही. एका खेपेत दोन-तीन बीजे तीन पीएनची निघाली, तरी त्याच खेपेतल्या दोन पीएनच्या गर्भांतून गर्भधारणा होऊ शकते. प्रमाण फार असेल, तर पुढच्या खेपेला इक्सी सुचवतात. फोनवर निकाल कळताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: किती बीजे पिकलेली होती, आणि त्यांपैकी किती दोन पीएनची झाली.